रोजकीर्द आणि खतावणी : जालसंचाराच्या नोंदींपासून एपीआय-चाचणीच्या संग्रहांपर्यंत

१

एखादी नोंद ज्या हेतूने ठेविली जाते, त्याच हेतूने ती पुढेही वापरली जाईल असा नियम नाही. साऱ्याच्या वसुलीसाठी लिहिलेले कागद पुढे पीकपद्धतीच्या अभ्यासास उपयोगी पडतात. जहाजांच्या दैनंदिनींतून हवामानाचा इतिहास लिहिला जातो. संगणकशास्त्राचा इतिहास अल्प असला तरी त्यातही हेतूंचे असे स्थलांतर वारंवार झालेले आढळते. प्रस्तुत लेखात त्यापैकी एका उदाहरणाचा विचार करावयाचा आहे. ब्राउझर व सर्व्हर यांच्यामधील संवादाची जी नोंद ‘हार’ या नावाच्या फायलीत ठेविली जाते, तिचे रूपांतर एपीआयची चाचणी घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संग्रहात, म्हणजे प्रचलित भाषेत ‘कलेक्शन’मध्ये, करण्याची प्रथा कशी पडली आणि त्या रूपांतरात काय साधते व काय गमावले जाते, हा या लेखाचा विषय होय.

आपल्या जुन्या हिशेबपद्धतीतील दोन संज्ञा येथे उपयोगी पडतील. रोजकीर्दीत व्यवहार जसजसे घडतील तसतसे, कालक्रमाने लिहिले जातात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लाविले जातात. रोजकीर्द ‘काय घडले’ हे सांगते. खतावणी ‘कोणाचे काय आहे’ हे सांगते. पहिलीवरून दुसरी तयार करणे हे यांत्रिक काम आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः कोणती रक्कम कोणत्या खात्यात जाते हा निर्णय कारकुनाला करावा लागतो, आणि चुका तेथेच होतात. हार फाईल ही रोजकीर्द होय. चाचणीचा संग्रह ही खतावणी होय. या दोहोंमधील अंतर केवळ स्वरूपाचे नसून हेतूचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

जालावरील संवादाची भाषा, म्हणजे एचटीटीपी, ही मुळात माणसास वाचता येईल अशा साध्या मजकुराची होती. तिच्या १.० या आवृत्तीचे वर्णन १९९६ साली प्रसिद्ध झाले; १.१ या आवृत्तीचे पहिले वर्णन १९९७ साली आणि सुधारलेले १९९९ साली आले. विनंतीत कृती, पत्ता, हेडर व आवश्यकतेप्रमाणे मजकूर असावयाचा. प्रतिसादात स्थितिक्रमांक, हेडर व मजकूर असावयाचा. ही भाषा साधी असल्यामुळे ती ऐकणेही सोपे होते. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८८ साली तयार झालेले टीसीपीडंप हे साधन आणि १९९८ साली निघून २००६ साली वायरशार्क हे नाव धारण केलेले ईथरियल, ही दोन्ही जालावरून जाणारी पाकिटे जशीच्या तशी टिपून ठेवीत.

तथापि या पद्धतीस दोन मर्यादा होत्या. पहिली अशी की, पाकीट हे संवादाचे एकक नव्हे. एक विनंती अनेक पाकिटांत विभागली जाते, आणि अभ्यासकाला ती पुन्हा जुळवावी लागते. दुसरी मर्यादा कालांतराने अधिक महत्त्वाची ठरली. सांकेतिक आवरणाखाली चाललेला संवाद मधल्या मार्गावर टिपला तरी त्याचा अर्थ लागत नाही. टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली, आणि २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांस उपलब्ध करून दिल्यावर असे आवरण हा जालाचा सर्वसाधारण नियम बनला. अशा स्थितीत संवाद वाचावयाचा तर तो त्याच्या एका टोकाशी बसून वाचणे प्राप्त होते. हे टोक म्हणजे एक तर मधला विश्वासू प्रतिनिधी किंवा प्रत्यक्ष ब्राउझर.

पहिला मार्ग एरिक लॉरेन्स यांच्या फिडलर या साधनाने २००३ साली धरिला. दुसरा मार्ग जो ह्यूइट यांच्या फायरबग या फायरफॉक्सच्या जोडसाधनाने २००६ साली खुला केला. फायरबगच्या एका फलकावर पानातील प्रत्येक विनंती आणि तिला लागलेला वेळ आडव्या पट्ट्यांनी दिसू लागला. मात्र एका साधनाची नोंद दुसऱ्यास वाचता येत नसे. प्रत्येकाची रोजकीर्द स्वतःच्या मोडीत लिहिलेली होती असे म्हणण्यास हरकत नाही.

३

हार या स्वरूपाचा जन्म २००९ साली झाला. फायरबगवर काम करणारे यान ओद्वार्को, एचटीटीपीवॉच या साधनाचे निर्माते आणि पानांच्या वेगाचा अभ्यास करणारे स्टीव्ह साउडर्स यांच्या विचारविनिमयातून ते सिद्ध झाले. साउडर्स यांचा पानांच्या वेगावरील ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झालेला होता. पान उशिरा का उघडते, हा त्या काळी जालतज्ज्ञांपुढील मोठा प्रश्न होता, आणि एका साधनाने मोजलेला वेळ दुसऱ्या साधनात उघडून पाहता यावा, ही या स्वरूपामागील निकड होती. चाचणीचा विचार त्यात प्रधान नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेविली पाहिजे.

या फायलीची रचना पाहिली म्हणजे तिचा मूळ हेतू स्पष्ट होतो. ती जेसन या मांडणीत आणि यूटीएफ-८ या संकेतात लिहिली जाते. तिच्या मुळाशी ‘लॉग’ हे एकच अंग असते; त्यात नोंद कोणत्या साधनाने केली, कोणत्या ब्राउझरमध्ये केली, कोणती पाने उघडली, आणि शेवटी ‘एन्ट्रीज’ म्हणजे एकेका विनंतीची नोंद असते. प्रत्येक नोंदीत आरंभाची वेळ, एकूण लागलेला काळ, विनंती, प्रतिसाद, साठवणीची स्थिती आणि काळाचे तुकडे दिलेले असतात. हे तुकडे पाहण्यासारखे आहेत : खोळंबा, नावाचा शोध, जोडणी, पाठवणी, प्रतीक्षा आणि स्वीकार, असे सहा भाग मिलिसेकंदांत मोजलेले असतात. १.२ या आवृत्तीत सांकेतिक जोडणीस लागलेला वेळही वेगळा दाखविण्याची सोय झाली. जो भाग लागू नसेल तेथे उणे एक असा आकडा लिहावयाचा. इतक्या बारकाईने काळ मोजणारा दस्तऐवज हा वेगाच्या अभ्यासकाचा दस्तऐवज आहे, हे सांगण्यास अन्य पुराव्याची जरुरी नाही.

पुढे या स्वरूपास अधिकृत मान्यता मिळविण्याचा प्रयत्न झाला. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या जालवेगविषयक कार्यगटात त्याचा मसुदा तयार झाला. त्याची १४ ऑगस्ट २०१२ ही तारीख असलेली प्रत उपलब्ध आहे. परंतु तो मसुदा कार्यगटाकडून कधीच रीतसर प्रसिद्ध झाला नाही आणि अखेर सोडून देण्यात आला. आजही त्याच्या माथ्यावर तो वापरू नये अशी सूचना आहे. असे असूनही प्रमुख ब्राउझर हार फाईल लिहितात आणि अनेक साधने ती वाचतात. मानकसंस्थेने टाकून दिलेला मसुदा व्यवहाराने मानक म्हणून स्वीकारावा, ही घटना मानकांच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावी अशी आहे. अधिकाराची जागा येथे रूढीने घेतली. रूढीचा परिणामही दिसतोच : अधोरेखेने आरंभ होणारी स्वतःची अंगे जोडण्याची मुभा मसुद्यात असल्यामुळे निरनिराळ्या ब्राउझरांच्या नोंदींत निरनिराळ्या गोष्टी आढळतात, आणि वाचणाऱ्यास तिचे मूळ पारखून घ्यावे लागते.

४

दुसऱ्या बाजूस चाचणीच्या संग्रहाचा उगम वेगळ्याच गरजेतून झाला. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्ट या नावाने जालरचनेची जी तत्त्वे मांडली, ती पुढील दशकात सेवांच्या बांधणीत सर्वत्र रुजली. पान तयार होऊन येण्याऐवजी ब्राउझरातील किंवा दूरध्वनीतील कार्यक्रम सर्व्हरकडून केवळ माहिती मागू लागला. अशी माहिती पुरविणाऱ्या दाराची, म्हणजे एपीआयची, तपासणी पानाशिवाय स्वतंत्रपणे करण्याची गरज त्यामुळे उत्पन्न झाली.

ही गरज भागविणारे पोस्टमन हे साधन अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली क्रोम ब्राउझरचे जोडसाधन म्हणून प्रसिद्ध केले. अंकित सोबती व अभिजित काणे यांच्यासह २०१४ साली बंगळूर येथे त्याची कंपनी स्थापन झाली. विनंत्या एकत्र बांधून ठेवण्याची त्यातील सोय म्हणजेच कलेक्शन. तीही जेसनमध्येच लिहिली जाते, आणि म्हणूनच दोन्ही फायली सख्ख्या बहिणी असाव्यात असा भास होतो. परंतु रचना निराळी आहे. संग्रहाच्या आरंभी त्याचे नाव व आराखड्याची आवृत्ती असते, नंतर ‘आयटम’ची यादी असते, आयटमच्या पोटात पुन्हा आयटम ठेविले की त्याची घडी तयार होते. पत्ता अखंड न ठेवता यजमान, मार्ग व प्रश्न अशा भागांत तोडून ठेविता येतो. दुहेरी महिरपी कंसांत नाव लिहिले की ते ‘चल’ ठरते आणि विनंती पाठविताना त्याच्या जागी किंमत येते. प्रत्येक विनंतीच्या आधी व नंतर चालवावयाचे छोटे कार्यक्रम जोडता येतात. नंतरच्या कार्यक्रमात प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे आहे की नाही हे तपासले जाते. न्यूमन हे साधन असा संग्रह आज्ञारेषेवरून, माणसाच्या उपस्थितीशिवाय, चालविते.

काळाचे अंग या रचनेत मुख्य नाही, हे येथे लक्षात येईल. हार भूतकाळात बोलते. कलेक्शन आज्ञार्थात बोलते. ‘अमुक वेळी अमुक विनंती गेली’ या वाक्याचे ‘अमुक विनंती पाठवा’ असे वाक्य करणे, हेच रूपांतराचे खरे स्वरूप होय.

५

हे रूपांतर कोणकोणत्या पायऱ्यांनी होते ते आता पाहू. पहिली पायरी निवडीची. एका पानाच्या नोंदीत चित्रे, अक्षरवळणे, शैलीपत्रके, जाहिरातदारांकडे गेलेल्या विनंत्या यांची गर्दी असते, आणि तपासावयाच्या सेवेकडे गेलेल्या विनंत्या थोड्याच असतात. क्रोमच्या नोंदीत साधनप्रकार दर्शविणारे अधोरेखायुक्त अंग असते, त्याचा येथे उपयोग होतो. एका यजमानाहून दुसऱ्याकडे जाताना ब्राउझर जी पूर्वपरवानगी मागतो, तिच्याही नोंदी सामान्यतः गाळाव्या लागतात, कारण त्या ब्राउझरच्या गरजेच्या असतात, सेवेच्या नव्हेत.

दुसरी पायरी शुद्धीकरणाची. मजकुराची लांबी सांगणारा हेडर नोंदीत असतो, परंतु विनंती पुन्हा पाठविताना तो साधनानेच मोजून लावावयाचा असतो. जुना आकडा ठेवून मजकूर बदलला तर विनंती मोडते. एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१५ नंतर, कृती व यजमान यांसाठी विसर्गचिन्हाने आरंभ होणारे आभासी हेडर आले. ते नोंदीत दिसतात, पण सामान्य हेडर म्हणून पाठविता येत नाहीत. प्रतिसादाच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. हार फायलीत मजकूर उलगडलेल्या स्थितीत ठेवितात, पण शेजारचा हेडर मात्र तो दाबून भरलेला असल्याचे सांगतो. दोन्ही जशीच्या तशी उतरविली तर नमुना-प्रतिसाद स्वतःशीच विसंगत होतो.

मराठी अभ्यासकास जवळचा असा एक दोष येथे नोंदविणे इष्ट होईल. पत्त्यात देवनागरी अक्षरे आली तर ती यूटीएफ-८ मधील बाइटांच्या रूपाने, प्रत्येक बाइटापूर्वी टक्केचिन्ह देऊन लिहिली जातात. एका देवनागरी चिन्हास तीन बाइट आणि एका बाइटास तीन अक्षरे लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत. पत्त्यात त्याची पंचेचाळीस अक्षरे होतात. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने आधीच संकेतबद्ध असलेला हा मजकूर पुन्हा संकेतबद्ध केला, तर टक्केचिन्हाचेच पुन्हा टक्केचिन्हाने रूपांतर होऊन सर्व्हरला निराळाच शब्द पोचतो. रोमी अक्षरांतील साध्या शब्दांवर हा दोष दिसत नाही, म्हणून तो दीर्घकाळ लपून राहू शकतो. मराठी शब्दाचा शोध घेणारी एक विनंती प्रत्येक रूपांतरकाच्या परीक्षेत असावी, असे म्हणावेसे वाटते.

तिसरी पायरी वर्गीकरणाची, म्हणजे प्रत्यक्ष खतावणीची. मागणी क्रमांक ४१ व मागणी क्रमांक ५७ यांचे तपशील विचारणाऱ्या दोन नोंदी या एकाच दाराच्या आहेत, हे ओळखून क्रमांकाच्या जागी चल घालावयाचा असतो. येथे रूपांतरक सामान्य नियमाचे अनुमान करतो. दोन उदाहरणांवरून काढिलेला नियम खरा असेल, नसेलही. मार्गातील एखादा शब्द चल आहे की स्थिर नाव आहे, हे नोंदीवरून नेहमीच कळत नाही.

चौथी पायरी संबंध जोडण्याची आहे व ती सर्वांत कठीण आहे. प्रवेशाच्या विनंतीस मिळालेल्या उत्तरात एक टोकन येते; पुढील प्रत्येक विनंतीच्या हेडरात तेच टोकन जाते. रोजकीर्दीत मात्र ही केवळ दोन ठिकाणी आलेली एकच अक्षरमाला असते; पहिलीतून दुसरी निघाली हे तीत लिहिलेले नसते. भारचाचणीच्या परंपरेत हा संबंध शोधण्यास कोरिलेशन असे नाव आहे. तो न शोधता केलेला संग्रह पहिल्या दिवशी चालतो आणि टोकनाची मुदत संपताच सर्व विनंत्या नाकारल्या जातात. कालानुक्रमातून कार्यकारणभाव काढणे हे इतिहासकाराचे काम येथे रूपांतरकास करावे लागते, आणि आधी घडलेले ते सर्व कारण असे नव्हे, हा इशाराही त्यास तितकाच लागू पडतो.

या चार पायऱ्यांत काळाचे सर्व तुकडे गळून पडतात. ज्या माहितीसाठी हार निर्माण झाली, तीच माहिती या रूपांतरात निरुपयोगी ठरते, हा या इतिहासातील विशेष होय.

६

आता उलट बाजू. वेगाच्या अभ्यासकास निरुपयोगी असलेली जी माहिती हार फायलीत सहज येऊन पडली होती, तीच पुढे संकटास कारण झाली. कुकी व अधिकारदर्शक हेडर हे विनंतीचे भाग असल्यामुळे ते नोंदीत येतात. ज्याच्या हाती ती फाईल पडेल त्याच्या हाती, मुदत संपेपर्यंत, त्या माणसाचे सत्रही पडते. घराच्या किल्ल्यांची यादी म्हणून लिहिलेल्या कागदाला प्रत्यक्ष किल्ल्याच बांधलेल्या असाव्यात, असा हा प्रकार आहे.

याचे मोठे उदाहरण २०२३ साली घडले. ओळखपडताळणीची सेवा देणाऱ्या ओक्टा या कंपनीच्या ग्राहकसाहाय्य यंत्रणेत परक्यांनी प्रवेश मिळविला. अडचणींच्या निवारणासाठी ग्राहकांनी तेथे हार फायली पाठविलेल्या होत्या. कंपनीच्या निवेदनाप्रमाणे २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर २०२३ या काळात १३४ ग्राहकांच्या फायली परक्यांच्या हाती लागल्या आणि त्यांतील टोकनांच्या साहाय्याने पाच ग्राहकांची सत्रे बळकावली गेली. वनपासवर्ड, बियाँडट्रस्ट व क्लाउडफ्लेअर यांनी आपापले अनुभव स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात क्लाउडफ्लेअरने हार फायलीतील गुप्त अंश पुसणारे साधन खुले केले. पुढे २०२४ साली क्रोमच्या १३० व्या आवृत्तीपासून कुकी व अधिकारदर्शक हेडर गाळून फाईल लिहिणे हा मूळ नियम झाला. संपूर्ण नोंद हवी असल्यास ती मुद्दाम मागावी लागते.

रूपांतर करणाऱ्यास हा बदल प्रथम अडचणीचा वाटेल, कारण अधिकारावाचून विनंती चालत नाही. अधिक विचार केला असता असे दिसते की, या बदलाने त्यास योग्य मार्गावर आणिले आहे. चांगल्या संग्रहात टोकन मुळातच नसावयास हवे. त्याच्या जागी चल असावा आणि किंमत ज्याची त्याने आपल्याजवळ ठेवावी. रहस्य पुसण्याची क्रिया आणि संबंध जोडण्याची क्रिया या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत. टोकन कोठून येते हे ज्यास कळले, त्यास ते फायलीत ठेवण्याची गरज उरत नाही.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. एचटीटीपीच्या नियमांत काही कृती निरुपद्रवी मानिल्या आहेत. केवळ वाचणारी ‘गेट’ ही कृती त्यांत येते. नवी मागणी नोंदविणारी किंवा जुनी पुसून टाकणारी कृती तशी नाही. घडलेल्या गोष्टींची नोंद वाचल्याने काही पुन्हा घडत नाही. परंतु नोंदीची आज्ञा झाली की ती घडते. पुसून टाकण्याची एक नोंद संग्रहात तशीच राहिली व तो संग्रह प्रत्यक्ष व्यवहाराच्या यंत्रणेवर चालविला गेला, तर हानी खरी असते.

७

शेवटी प्रमाणाचा प्रश्न. नोंदीवरून तयार केलेल्या चाचणीत अपेक्षित उत्तर कोठून येते? ते त्याच नोंदीतून येते. म्हणजे ज्या दिवशी नोंद केली त्या दिवशी यंत्रणा जशी वागली, तसे वागणे योग्य, असे ही चाचणी गृहीत धरते. त्या दिवशी किंमत चुकीची येत असेल तर चाचणी चुकीची किंमत राखण्याचे काम इमानाने करील, आणि कोणी ती दुरुस्त केली तर दुरुस्तीसच दोष म्हणेल. मायकल फेदर्स यांनी जुन्या कार्यक्रमांच्या दुरुस्तीवरील आपल्या २००४ च्या ग्रंथात अशा चाचण्यांस निराळे नाव देऊन हा भेद स्पष्ट केला आहे : त्या यंत्रणेचे गुणवर्णन करितात, तिच्या योग्यतेचा निर्वाळा देत नाहीत. २०१५ साली स्थापन झालेल्या ओपनएपीआय या उपक्रमाने जे करारपत्राचे स्वरूप पुढे आणिले, त्यात यंत्रणेने कसे वागावे हे लिहिलेले असते. हार फायलीत ती कशी वागली हे असते. पहिल्यास करार म्हणावे, दुसऱ्यास साक्ष. साक्षीवरून करार सिद्ध होत नाही; परंतु करार पाळला गेला की नाही हे साक्षीवाचून ठरत नाही.

यास्तव या क्षेत्रातील संशोधन केवळ एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत नेणारा कार्यक्रम लिहिण्यापुरते मर्यादित राहू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे तीन प्रश्न घेता येतील. कालानुक्रमात आलेल्या समान अक्षरमालांतून खरे कार्यकारणसंबंध किती विश्वासाने काढिता येतात? दोनचार उदाहरणांवरून मार्गातील चल ओळखताना चूक किती व कोणत्या प्रकारची होते? आणि एखादा संग्रह नोंदीतून निघाला की करारातून, हे त्या संग्रहातच नमूद करण्याची रीत कशी बसविता येईल? तिसरा प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचे मोल अधिक आहे. आधाराचा उल्लेख नसलेली नक्कल काही वर्षांनी मूळ म्हणून वाचली जाते. संग्रहाच्या वर्णनात नोंदीची तारीख, ब्राउझरचे नाव व गाळलेल्या अंगांची यादी एवढे तीनच तपशील राहिले, तरी पुढे तो हाताळणाऱ्यास आपण साक्ष वाचीत आहोत की करार, हे कळेल.